नोटिशीचे तीस दिवस

कोर्ट मॅरेजला तीन साक्षीदार लागतात, हे स्वतः साक्षीदार व्हायची पाळी येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दोन मित्र-मैत्रिणी सहज मिळतात, तिसरा ऐनवेळी कुठून तरी पकडून आणावा लागतो. तसा मी तिसरा. मुलगी ओळखीतली, हिंदू. मुलगा मुसलमान. दोघंही तिशीकडे झुकलेले, नोकरीतले, आणि दोन्ही घरांतून कुणीच येणार नसल्यामुळे अगदी मोकळे, किंवा तसं दाखवणारे.

नंबर यायला अवकाश होता. कार्यालयाच्या बोळात भिंतीवर काचेचं दार असलेला नोटीस बोर्ड होता. एकावर एक टाचलेले झेरॉक्सचे कागद, त्यांत पासपोर्ट फोटोंचे काळपट चौकोन. बोर्डासमोर टिफिनची पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. भाडेकराराच्या नोंदणीला आलेले. त्यांचाही नंबर यायचा होता, म्हणून ते एकेक कागद मनापासून वाचत होते. मी शेजारी गेल्यावर त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे बघा, पाटील आणि डिसूझा. हे देशमुख आणि कांबळे." तक्रारीचा सूर नव्हता, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं चाललं होतं.

गंमत अशी की विशेष विवाह कायद्याच्या नोटिशीचा जो नमुना आहे, त्यात धर्माचा रकाना नाही आणि जातीचाही नाही. नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता, त्या पत्त्यावर किती दिवस राहता, एवढंच विचारलेलं असतं. १९५४ साली हा कायदा करणाऱ्यांनी मुद्दामच तसं ठेवलं असावं. पण मराठी माणसाला रकाना लागतो कुठे? आडनाव वाचलं की अर्धी कुंडली कळते. न कळल्यास "मूळचे कुठले?" हा प्रश्न असतोच, आणि तो विचारणाऱ्याला गावाच्या नावात काडीचाही रस नसतो.

धर्म, जात आणि लैंगिकता यांवर आपल्याकडे तीन वेगवेगळे वाद चालतात. त्यांची व्यासपीठं वेगळी, वक्ते वेगळे, टीव्हीवरच्या पट्ट्याही वेगळ्या. त्या बोर्डावर मात्र तिन्ही एकाच टाचणीने टोचलेले असतात. कोणी कोणाशी लग्न करायचं, हा प्रश्न आला की तिघांनाही एकदम बोलायचं असतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाने तरी निदान तीस दिवस वास्तव्य केलं आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. अधिकारी ती एका वहीत नोंदवतो. ही वही कोणालाही, फी न भरता, पाहता येते. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावायची. जोडप्यापैकी कोणी कायमचं दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर एक प्रत तिथल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या भिंतीवर लागते. म्हणजे पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून गुपचूप ठरवलेलं लग्न लातूरच्या कार्यालयात जाहीर होतं. मग तीस दिवस थांबायचं. या काळात कोणीही, खरोखर कोणीही, आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप आल्यावर त्याच्या चौकशीला आणखी तीस दिवस.

आक्षेपाची कारणं कायद्याने मोजकीच ठेवली आहेत: आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, निषिद्ध नातं आहे, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर नाही. "मुलगा त्यांच्यातला आहे" हे कारण यादीत नाही. पण तीस दिवसांचा उपयोग कोण कशासाठी करतं हे यादीने ठरत नाही. मामा येतो, आई अंथरूण धरते, गावाकडून जीप निघते. केरळमध्ये या नोटिसा सरकारी संकेतस्थळावर चढवल्या जात. तिथून जोडप्यांची नावं-पत्ते उचलून ते फिरवले जाऊ लागले, तेव्हा २०२० साली केरळ सरकारने त्या संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं, असा निकाल दिला. इतरत्र भिंत आणि टाचणी कायम आहे.

हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना यातलं काहीच नाही. सकाळी ठरवलं, संध्याकाळी देवळात सप्तपदी, पुढच्या आठवड्यात नोंदणी. निकाहालाही नोटीस नाही. महिनाभर भिंतीवर टांगून घेण्याची अट आहे ती मुख्यतः धर्म बाजूला ठेवून लग्न करणाऱ्यांना. ही कल्पना आली कुठून, तर इंग्लंडच्या चर्चमधून. लागोपाठ तीन रविवारी पाद्री वधूवरांची नावं वाचून दाखवत आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारत. धर्मनिरपेक्ष लग्नाच्या कायद्यात चर्चचा हा रिवाज अजून बसून आहे.

मराठीत या सगळ्याला एक जुना, नेमका शब्द आहे: बेटीव्यवहार. रोटीव्यवहार म्हणजे एका पंगतीला बसणं, बेटीव्यवहार म्हणजे लेकी देणं-घेणं. शब्दातच बघा, बेटाव्यवहार कोणी म्हणत नाही. रोटीबंदी हॉटेलांनी, रेल्वेने, वसतिगृहांनी बऱ्यापैकी मोडली. वडापावची गाडी कोणाची, हे विचारून कोणी पाव खात नाही. बेटीबंदी मात्र ठाम आहे. २०११-१२ च्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत देशातली आंतरजातीय लग्नं शेकडा पाचच्या आसपास निघाली. २०२१ साली प्यू या संस्थेने सुमारे तीस हजार भारतीयांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात आपल्या जातीतल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे असं म्हणणारे ६४ टक्के होते. पुरुषांना रोखण्याबद्दल तेच म्हणणारे ६२ टक्के. धर्माबाहेरच्या लग्नाबद्दल हिंदूंचे आकडे ६७ आणि ६५, मुसलमानांचे ८० आणि ७६. धर्म बदलला, आकडा बदलला, तरी दर ठिकाणी बाईचा आकडा पुरुषापेक्षा वरचा. बेटीव्यवहार हा शब्द ज्याने घडवला त्याला समाजशास्त्राची पदवी द्यायला हरकत नव्हती.

या शब्दाच्या पोटात काय आहे ते ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचून सांगितलं. भीमराव आंबेडकरांचा मुद्दा गणितासारखा होता. जात म्हणजे गटातल्या गटात लग्न. तसं करायचं तर गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे हवेत. नवरा आधी मेला की बायको 'जास्तीची' उरते. ती बाहेर गेली तर गट फुटतो, आत पुन्हा लग्न केलं तर दुसऱ्या कोणा मुलीचा वर खाते. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, किंवा केशवपन करून कोपऱ्यात बसवा. बायको आधी मेली तर पुरुष जास्तीचा होतो. पण त्याला जाळायचं तर गटाचंच नुकसान, आणि संन्यास घ्यायला तो तयार नसतो. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी खालून उचला. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगळ्या कुप्रथा म्हणून आपण शाळेत शिकतो. आंबेडकरांनी त्यांना एका हिशेबाच्या तीन नोंदी म्हटलं. बाईच्या शरीरावर पहारा बसवल्याशिवाय जात टिकत नाही, हे इतक्या कोरडेपणाने तोवर कोणी मांडलं नव्हतं. कृतीने मात्र ओळखलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बाळंतपणाची सोय काढली, त्यामागे हेच भान होतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालांत हा हिशेब आणखी उघडा दिसतो. १९१२ साली न्यायालयाने वरच्या वर्णाची स्त्री आणि खालच्या वर्णाचा पुरुष यांचं लग्न, म्हणजे प्रतिलोम, अवैध ठरवलं. १९२२ साली उलट दिशेचं, अनुलोम, वैध ठरवलं. दोन्हींत जाती मिसळतच होत्या. फरक एवढाच की कोणाच्या घरची मुलगी कुठे चालली होती.

ही गोष्ट फक्त हिंदूंची नाही. धर्म, वंश आणि लग्न यांचा सगळ्यात सुरस खटला याच न्यायालयात १९०८ मध्ये निकाली निघाला, आणि तो पारशांचा होता. रतनजी दादाभाई टाटांनी पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं होतं. मुंबईला आल्यावर तिची रीतसर नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाली, पारशी विधीने पुन्हा लग्नही झालं. आता ती अग्यारीत जाऊ शकते का? मेल्यावर तिला डुंगरवाडीत जागा मिळेल का? समाजात दोन तट पडले. धर्मांतर केलेल्यांना हे हक्क आहेत असं म्हणणाऱ्या बाजूला सर दिनशॉ माणेकजी पेटिट होते. न्यायमूर्ती दावर, स्वतः पारशी, आणि न्यायमूर्ती बीमन यांनी निकाल दिला तो असा: जरथुष्ट्री हा धर्म आहे, पारशी हा वंश आहे. धर्म घेता येतो, वंश घेता येत नाही. आणि पारशी पंचायतीचे निधी, अग्याऱ्या नि डुंगरवाडी पारशांसाठी आहेत. मग पारशी कोण, हे सांगताना न्यायालयाने जी व्याख्या केली तिच्यात पारशी बापाची परक्या बाईपासून झालेली मुलं बसली. पारशी आईची परक्या पुरुषापासून झालेली मुलं बसली नाहीत. जे. आर. डी. टाटा सुझानचे चिरंजीव. ते पारशी ठरले. त्यांच्या आईला मात्र दार बंद.

दहा वर्षांनी काळाने सर दिनशॉ पेटिटांची परीक्षा घेतली. त्यांची मुलगी रतनबाई, रुट्टी, मुंबईतले नामांकित बॅरिस्टर महंमद अली जीना यांच्या प्रेमात पडली. ती सोळा वर्षांची, ते चाळिशीचे. न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी आत्मचरित्रात एक किस्सा सांगितला आहे. जीनांनी पेटिटांना विचारलं, वेगवेगळ्या समाजांतल्या लग्नांबद्दल आपलं मत काय? पेटिट म्हणाले, देशाच्या ऐक्याला फार उपकारक. मग मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे, जीना म्हणाले. पेटिटांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला, कारण मुलगी अज्ञान होती. फेब्रुवारी १९१८ मध्ये ती अठरा वर्षांची झाली. १८ एप्रिलला तिने इस्लाम स्वीकारला, १९ ला मलबार हिलवरच्या जीनांच्या घरी निकाह झाला. बापाने संबंध तोडले.

रुट्टीला धर्म का बदलावा लागला, यात कायद्याचा मोठा हात आहे. तेव्हा नागरी लग्नाचा कायदा होता तो १८७२ चा. त्याखाली लग्न करायचं तर दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. मुसलमानांसाठी राखीव जागेवरून निवडून आलेल्या जीनांनी असं लिहून दिलं असतं तर राजकारण तिथेच संपलं असतं. आणि ही अट काढून टाकणाऱ्या भूपेंद्रनाथ बसूंच्या विधेयकाला १९१२ च्या सुमारास कायदेमंडळात पाठिंबा देणाऱ्या मोजक्या सभासदांत जीनाच होते! विधेयक पडलं. स्वतःच्या लग्नानंतर वीस वर्षांनी, १९३८ मध्ये, जीनांच्या मुलीने, दीनाने, पारशी कुळातल्या नेव्हिल वाडियांशी लग्न ठरवलं तेव्हा या बापाचाही विरोध झाला. रुट्टी त्याआधीच, १९२९ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी गेली. माझगावच्या खोजा कबरस्तानात तिची कबर आहे.

पारशी प्रश्न अजून मिटलेला नाही. वलसाडच्या एका पारशी स्त्रीने १९९१ मध्ये हिंदू पुरुषाशी विशेष विवाह कायद्याखालीच लग्न केलं. ज्या कायद्यात धर्म बदलावा लागत नाही, म्हणूनच तो निवडला जातो, त्या कायद्याखाली. तरी २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने म्हटलं की लग्नानंतर बाईचा धर्म नवऱ्याचा होतो. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या पारशी ट्रस्टने तिला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यायचं मान्य केलं. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मिळालेली सवलत ती एवढी.

रुट्टीच्या लग्नाच्या काळात महाराष्ट्रात वेगळी हवाही होती. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आंतरजातीय विवाहाचं विधेयक आणलं, त्यावर सनातन्यांनी काहूर केलं. राजर्षी शाहूंनी पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये आपल्या संस्थानात कायदा करूनही टाकला, आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही विवाहांसाठी. धनगर होळकर आणि मराठा घाटगे या घराण्यांतली सोयरीकही त्यांनी जमवली. लग्न लागलं तेव्हा ते हयात नव्हते. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात लग्न करताना धर्म नाकारण्याची अट उरली नाही. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा जातिभेदावर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे १९३६ चं स्वतःचं म्हणणं ते स्वतःच्या घरात आणत होते. सारस्वत ब्राह्मण मुलगी, महार नवरा. म्हणजे प्रतिलोमच. सर्व हिंदूंचे आपसातले विवाह वैध ठरवणारा कायदा पुढच्या वर्षी आला.

१९५४ च्या कायद्याने धर्म नाकारायला लावणं पुरतं बंद केलं. पण त्यात एक कलम शिल्लक आहे, ज्याची चर्चा वकिलांच्या बाहेर फारशी होत नाही. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने, बौद्धाने, शिखाने वा जैनाने या कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून आपोआप तुटतो. १९७६ मध्ये त्यात २१-अ हे कलम घालून सूट दिली: दोघंही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर तुटणार नाही. आता हिशेब करा. ब्राह्मण मुलाने मातंग मुलीशी या कायद्याने लग्न केलं, घर अखंड. त्याच मुलाने मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलीशी केलं, तर कायद्याच्या लेखी तो वेगळा निघाला. जातीबाहेर गेलेल्याला कायद्याने घरात घेतलं, धर्माबाहेर गेलेल्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

हाच धागा आपल्या राज्य सरकारच्या कारभारातही दिसतो. समाजकल्याण खात्याची आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजना आहे. जोडप्यातला एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा भटक्या-विमुक्तांतला आणि दुसरा सवर्ण हिंदू, जैन, लिंगायत वा शीख असेल तर ५०,००० रुपये मिळतात. मुसलमान वा ख्रिस्ती जोडीदार तिच्यात बसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महिला व बालविकास खात्याने एक समिती नेमली. पळून जाऊन, नोंदणी करून किंवा धर्मस्थळात लग्न केलेल्या जोडप्यांची माहिती मिळवायची आणि मुलीच्या माहेरच्यांशी संपर्क साधायचा, हे तिचं काम. निमित्त होतं वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या निर्घृण खुनाचं. पहिल्या शासन निर्णयात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय, दोन्ही लग्नं होती. टीका झाली, आणि दोनच दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द गळला. उरलं ते आंतरधर्मीय. म्हणजे एकाच सरकारच्या एका टेबलावर बक्षीस आणि दुसऱ्या टेबलावर पाळत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली, 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा विचार करायला. मुलीला स्वतःची अक्कल असते, ही शक्यता या कागदपत्रांत सापडायला बराच शोध घ्यावा लागतो.

दलित मुलाची गोष्ट तर आणखी अडचणीची. त्याने मुसलमान मुलीशी निकाह करायचा म्हणून धर्म बदलला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याची अनुसूचित जात जाते, कारण ती फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. जात त्याला सोडत नाही. दाखला तेवढा सुटतो.

बाहेरून बोट दाखवणं किती सोपं असतं, याचं एक उदाहरण पुण्याजवळचंच. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूची कौमार्य चाचणी घ्यायची आणि जातपंचायतीपुढे निकाल द्यायचा, या प्रथेविरुद्ध २०१८ मध्ये त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी मोहीम उघडली. पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मारहाणही झाली. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला होता, तो अशा वेळी कामी यावा म्हणूनच. २०१९ मध्ये सरकारने ही चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल, असं जाहीर केलं. मोहीम करणाऱ्या मुलांची कोंडी दुहेरी होती. घरात ती समाजाची अब्रू घालवणारी. बाहेर त्यांच्यावर लिहिणारे बरेच जण त्याच समाजाला रानटी ठरवायला टपलेले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी ही एक. त्यांच्या या चाचणीबद्दल रकाने भरून लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांतच मागच्या पानावर 'गोरी, घरंदाज, सुस्वरूप' वधू हवी असते, आणि खाली बारीक टायपात: जातीची अट नाही, एससी/एसटी क्षमस्व. क्षमस्व हा शब्द इतक्या निगरगट्टपणे दुसरीकडे कुठे वापरलेला मी पाहिलेला नाही.

मे २०१५ मध्ये मुंबईच्या 'मिड-डे'त अशीच एक जाहिरात आली. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईने मुलासाठी वर मागितला होता. वय पंचवीस ते चाळीस, शाकाहारी, प्राण्यांवर प्रेम करणारा. देशातली अशी पहिली जाहिरात म्हणून तिचं कौतुक झालं. तिची शेवटची ओळ होती: जातीची अट नाही, अय्यर असल्यास उत्तम. गहजब उडाला. ते गमतीने लिहिल्याचं नंतर सांगण्यात आलं, आणि ते खरंही असेल. पण गंमत समजायला वाचकाला काय माहीत असावं लागतं, ते बघा. मुलगा मुलाशी लग्न करील इथवर आईचं मन पोचतं, तरी जाहिरातीचा साचा हातातून सुटत नाही. माझ्या मते ती अलीकडची सर्वांत प्रामाणिक वधूवर जाहिरात होती.

समलिंगी जोडप्यांनी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लग्नाचा हक्क मागितला तेव्हा दार ठोठावलं ते याच विशेष विवाह कायद्याचं. धर्माच्या कायद्यांना हात लावायचा नाही, असं धोरण होतं. न्यायालयानेही सुरुवातीलाच तशी कक्षा आखली. केंद्र सरकारने या मागणीला शहरी उच्चभ्रूंची मागणी म्हटलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे जमियत उलेमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती विरोधासाठी एका बाजूला आले. राज्यांना मत विचारलं गेलं, महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. शहरी उच्चभ्रू या शब्दांवर मला आठवतात त्या भोपाळच्या पोलीस बटालियनमधल्या दोन महिला शिपाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकमेकींशी गांधर्व विवाह केला आणि नोकरी गमावली. त्या कुठल्या पंचतारांकित वर्तुळातल्या होत्या?

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. पाचही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत होतं: या कायद्यातले 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द न्यायालय बदलू शकत नाही. एक कारण आपल्या ओळखीचं आहे. हा कायदा वारसाहक्काच्या कायद्यांना शिवलेला आहे, आणि ते धर्मागणिक वेगळे. ते २१-अ कलम आठवा. धर्म बाजूला ठेवला म्हणून ज्या दाराशी गेले, त्याच्या बिजागऱ्या धर्माच्याच निघाल्या. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

उलट तृतीयपंथी स्त्रीला वाट मिळाली ती देवळातून. तमिळनाडूत तुतिकोरीनच्या देवळात एका ट्रान्स स्त्रीचं आणि पुरुषाचं हिंदू पद्धतीने लग्न लागलं. नोंदणी अधिकाऱ्याने नोंद नाकारली. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने 'वधू' या शब्दात तीही येते, असं सांगून नोंद करायला लावली. २०२३ च्या निकालातही ट्रान्स व्यक्तीचं स्त्री-पुरुष जोडीतलं लग्न चालू कायद्यांत बसतं, हे पाचही न्यायमूर्तींनी मान्य केलं.

बाकीच्यांचं रोजचं जगणं छोट्या कागदांवर चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही. रेशनकार्डासाठी त्यांना एका घरातले मानावं, अशाही सूचना निघाल्या. म्हणजे गहू-तांदळापुरते ते एका कुटुंबातले.

आमचा नंबर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. आत टेबलावर पुष्पगुच्छ नव्हता, पण कोणाच्या तरी आधीच्या लग्नातली झेंडूची फुलं खुर्चीखाली पडली होती. कायद्याने ठरवून दिलेलं वाक्य दोघांनी एकेकदा म्हटलं, आवाज किंचित चढवून. आम्ही तिघांनी सह्या केल्या. कारकुनाने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण लागता?" मी म्हणालो, "कोणीच नाही, ओळखीचा." त्याने मान हलवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. त्याला हे उत्तर सवयीचं असावं.

बाहेर बोळात त्यांची नोटीस अजून लटकलेली होती. महिना उलटून गेला होता, पण काढायची कोण? लग्नपत्रिका त्यांनी छापली नव्हती. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कोणाच्या नावाने छापणार, हा प्रश्न होताच. तिने पर्समधून मोबाइल काढला. भाडेकरारवाले काका अजून बोर्डासमोरच उभे होते, बोट नेमकं त्याच कागदावर.

"काका, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली. "आमची पत्रिका आहे ती. फोटो काढायचाय."